भेटीचा सिगार आणि हवेतलं पाणी

परदेशाहून येताना कुणासाठी तरी सिगार आणणारे देशाचं नाव पाहतात, किंमत पाहतात, पेटीची नक्षी पाहतात. घेणाऱ्याच्या घरी तो कुठल्या हवेत राहणार, याचा विचार सहसा होत नाही. माझं म्हणणं असं, की या भेटीत चार पैसे जास्त घालायचेच तर ते देखणेपणावर न घालता ओलाव्यावर घालावेत. सिगार ताजा म्हणजे नुकता वळलेला नव्हे. क्युबन पेटीच्या तळाशी ती भरल्याचा महिना आणि वर्ष असतं, आणि जुनी तारीख दिसली तर शौकीन उलट खूश होतो. नीट सांभाळलेलं पान वर्षानुवर्षं मुरत जातं. पण हे पान भोवतालच्या हवेतून सतत पाणी घेतं आणि सोडतं. सापेक्ष आर्द्रता 65 ते 70 टक्क्यांच्या आसपास असेल तर त्याला मानवतं. हवा फार कोरडी झाली की बाहेरचं पान तडकतं, सुगंधी तेलं उडतात, धूर तिखट लागतो. फार दमट झाली की सिगार सादळतो, वाकडा जळतो, बुरशी धरतो. मे महिन्यातली नागपूरची दुपार आणि जुलैतली मुंबई, दोन्ही त्याला सारख्याच वाईट.

मग फ्रिज आहे की, असं कुणी म्हणेल. उष्णतेची धास्ती अगदीच खोटी नाही: पारा बराच काळ पंचविशीच्या वर राहिला तर पानात दडलेली भुंगेऱ्याची अंडी फुटू शकतात. पण बर्फ न साठणाऱ्या आजच्या फ्रिजमधली हवा कोरडी असते आणि शेजारच्या लसणाचा वास पान चटकन उचलतं. सेलोफेनच्या वेष्टनावरही विसंबू नये, त्यातून ओलावा निसटतो. घरातलं थंड, अंधारं कपाट बरं. वाळलेला सिगार पुन्हा ओलावता येतो, हेही खरं. पण ते काम आठवड्यांचं आहे. घाई केली तर आतला तंबाखू फुगून वरचं पान फाटतं, आणि उडालेली तेलं काही परत येत नाहीत.

सर्वांत फसवी ती लाकडी पेटी, म्हणजे ह्युमिडॉर. तिच्या आत स्पॅनिश सिडार नावाचं, खरं तर महोगनीच्या कुळातलं, लाकूड असतं. नवं कोरडं लाकूड स्वतःच तहानलेलं असतं. काही दिवस ओलावा पाजल्याशिवाय तिच्यात सिगार ठेवले तर ते लाकूड त्यांचंच पाणी ओढून घेतं. म्हणजे दुकानातून पेटी घेऊन, तिथल्या तिथे भरून, रिबीन बांधून दिलेली भेट पहिल्या दिवसापासून वाळू लागते. त्यापेक्षा घट्ट झाकणाचा साधा प्लॅस्टिकचा डबा आणि त्यात ओलावा राखणारी पुडी पुरे. बंद डब्यात ओलसर मीठ ठेवलं तर आतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या जवळ येऊन थांबते. पुडीतलं द्रावण याच तत्त्वावर चालतं, कमी पडलं तर पाणी देतं, जास्त झालं तर शोषून घेतं. प्लॅस्टिकचा डबा भेट म्हणून शोभत नाही, ही तक्रार रास्त आहे. तर मग लाकडी पेटी रिकामी द्यावी आणि ती कशी तयार करायची ते चिठ्ठीवर लिहावं.

मुळात तंबाखू भेट द्यावाच का, हा आक्षेप मात्र खोडता येत नाही. धूर छातीत न घेताही सिगारमुळे तोंडाचा आणि घशाचा कर्करोग होतो. न ओढणाऱ्याला तो देऊच नये. ओढणाऱ्यालाही पंचवीसची पेटी कशाला? तीन-चार सिगार द्यावेत, तेही निघायच्या आदल्या दिवशी घेऊन आणि डब्यात पुडी टाकून.