शाळा सुटल्यावरची शाळा
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



गाण्यांचा इतका सुरेख कार्यक्रम झाल्यावर शाळांविषयी बोलणे म्हणजे श्रीखंडामागून कारल्याची भाजी वाढण्यासारखे आहे. पण विषय चिटणीसबाईंनी दिला आहे, तेव्हा तक्रार त्यांच्याकडे करावी.

संध्याकाळी सहाच्या सुमारास ठाण्यात काय, डोंबिवलीत काय, दप्तरे पाठीला लावून मुले लगबगीने चाललेली दिसतात. ती घराकडे नव्हे, क्लासकडे. एके काळी शिकवणी कच्च्या मुलाला लावीत, आणि ती लावल्याचे शेजारी कळू नये म्हणून आई जपत असे. आता न लावणारीलाच शेजारीण कारण विचारते. केंद्र सरकारच्या २०२५ सालच्या पाहणीत देशातील शंभरांपैकी २७ विद्यार्थी खासगी शिकवणी घेणारे आढळले. शहरांत हे प्रमाण तिसांवर होते. आईबापांना मी बोल लावणार नाही. आपल्यापैकी कितीतरी जणी सकाळची लोकल पकडून मुंबई गाठतात व दिवेलागणीनंतर परततात. तोवर मूल कोणाच्या तरी नजरेखाली बसलेले असावे, एवढीच त्यांची अपेक्षा असते. क्लास हे निम्मे पाळणाघरच आहे. आपण तसे म्हणत नाही, इतकेच.

परंतु आपल्या घरी धुणेभांडी करायला येणाऱ्या बाईंचा विचार करा. त्यांचे मूल महापालिकेच्या शाळेत जाते. तेथे फी नाही, पुस्तके मिळतात, दुपारचे जेवण मिळते. तरीही त्या एक घर जास्तीचे धरतात, ते क्लासच्या फीसाठी, कारण चौथीतल्या मुलाला भागाकार येत नाही. नामदार गोखल्यांनी १९११ साली मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. पुढच्या वर्षी ते फेटाळले गेले. शिक्षण हक्काचा कायदा अमलात आला तो १ एप्रिल २०१० रोजी. जवळजवळ शंभर वर्षांनी मिळालेली ही मोफत शाळा त्या माउलीला अशी महागात पडते.

‘शिक्षक शिकवीतच नाहीत’ असे आपण पटकन म्हणून टाकतो. वर्गात एकाला अक्षरओळख नाही, दुसरा धडा घडघडा वाचतो, आणि बाईंना पुस्तक तर पुरे करायचे आहे. मागे पडलेल्या मुलासाठी थांबायचे कोणी? या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या शेजारीच, मुंबईत, सापडले होते. ‘प्रथम’ या संस्थेने महापालिकेच्या शाळांत ‘बालसखी’ नेमल्या. या वस्तीतल्याच मुली, बहुतेक दहावी झालेल्या. तिसरी-चौथीतील मागे राहिलेली पंधरावीस मुले घेऊन त्या शाळेच्याच वेळात दोन तास वाचन आणि बेरीज-वजाबाकी शिकवीत. मानधन अगदी बेताचे होते. २००१ ते २००३ या काळात मुंबई व वडोदरा येथे या कामाची काटेकोर तपासणी झाली. बालसखीकडे बसलेली मुले स्पष्टपणे पुढे गेली. वर्गात उरलेल्यांना मात्र गर्दी कमी होऊनही म्हणण्यासारखा लाभ दिसला नाही. मदत थांबल्यावर वर्षभरात तो लाभ पुष्कळसा ओसरला, हेही सांगितले पाहिजे. ही तपासणी करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो होते. २०१९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. मला मोलाची वाटते ती गोष्ट निराळी. हे काम शाळेत झाले, शाळेच्या वेळात झाले, आणि आईला त्यासाठी एक पैसाही मोजावा लागला नाही.

ठाण्यात तीन हात नाक्याच्या पुलाखाली २०१६ साली सिग्नल शाळा निघाली, तीही महापालिका व एक स्वयंसेवी संस्था यांच्या सहकार्याने. सिग्नलवर फुले विकणारी मुले तेथे शिकू लागली. तेव्हा महापालिकेच्या दारी बाहेरच्यांना मज्जाव असतो, ही समजूत सोडून द्या.

कायदाही आपल्या बाजूचा आहे. प्रत्येक सरकारी व अनुदानित शाळेत व्यवस्थापन समिती असावी लागते. तिच्यात किमान तीन-चतुर्थांश पालक व निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. शिक्षकांना खासगी शिकवणी करण्यास मनाई आहे. आणि जनगणना, निवडणुका व आपत्तिनिवारण यांखेरीज दुसरी बिगरशैक्षणिक कामे त्यांच्यावर लादता येत नाहीत. पण सभेची वेळ सकाळी अकराची असेल, तर चार घरी राबणारी आई तेथे येणार कशी? ज्यांना चारचौघांत बोलता येते, अर्ज लिहिता येतो, अशा आपण सगळ्यांनी मुलांना दुसऱ्या शाळांत घातले. मागे राहिल्या त्या, ज्यांच्या बोलण्याला कचेरीत कोणी खुर्ची देत नाही.

मंडळाने मोफत क्लास काढावा, अशी एक सूचना आली आहे. हेतू चांगला आहे, पण मला ती पसंत नाही. आणखी एका क्लासची भर कशाला? त्याऐवजी जवळच्या महापालिका शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटू या. निवृत्त झालेल्या आणि दुपारी मोकळ्या असणाऱ्या आपण दहाजणी आठवड्यातून तीन दिवस दीड तास देऊ शकलो, तर तिसरीच्या मुलांपासून आरंभ करता येईल. समितीची सभा संध्याकाळी सातनंतर ठेवावी, असा अर्ज मी लिहून आणला आहे. त्यावर पहिली सही पालक असलेल्या बाईंची हवी, आपली त्याखाली. अर्ज चिटणीसबाईंच्या टेबलावर आहे, आणि दुपारचा वेळ देणाऱ्यांनी नावे लिहिण्याची वहीही तेथेच ठेवली आहे. चहाला जाण्यापूर्वी कृपा करून तिकडून यावे.