सही झाली, पण पैसे कुठून वसूल करायचे?

आज कोलकात्याजवळच्या बजबजमधून बोलतोय. हुगळीकाठचं हे गाव तागाच्या गिरण्यांचं. पोती परदेशी गेली की कधीतरी वादही होतो.

समजा, इथल्या व्यापाऱ्याचे पैसे सिंगापूरच्या खरेदीदाराने अडवले. म्हणाला, माल ओलसर निघाला. दोघं मध्यस्थापुढे बसले, थोडं याने सोडलं, थोडं त्याने, तडजोडपत्रावर सह्या झाल्या. तरीही पैसे आले नाहीत तर?

लवादाचा निवाडा १९५८च्या न्यूयॉर्क करारामुळे परदेशातही वसूल करता येतो. मध्यस्थीतलं तडजोडपत्र मात्र नुसता करारच. मोडला, की पुन्हा दावा लावा. ही अडचण दूर करायला सिंगापूर करार आला. ७ ऑगस्ट २०१९ला ४६ देशांनी त्यावर सही केली, भारतानेही. १२ सप्टेंबर २०२०पासून तो अमलात आहे. पण भारताने सही करूनही त्याला अंतिम मंजुरी दिलेली नाही.

मग आपल्याला त्याचा उपयोग शून्य? नाही! वसुली ज्या देशात करायची, त्या देशाची मंजुरी लागते. सिंगापूरने ती दिली आहे. म्हणून आपला व्यापारी तडजोडपत्र घेऊन थेट तिथल्या न्यायालयात जाऊ शकतो. उलट, सिंगापूरच्या माणसाला या कराराच्या आधारे भारतात वसुली करता येत नाही. त्याला आपल्या सहीची खात्री वाटली नाही, तर तो आगाऊ हमी मागेल. तो खर्च आपल्याच माथी.

२०२३च्या मध्यस्थी कायद्याचं कलम २७ सांगतं, की तडजोडपत्र न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखं अमलात आणावं. पण ९ ऑक्टोबर २०२३ला लागू झालेल्या कलमांत ते नव्हतं. शिवाय हा कायदा भारतात झालेल्या मध्यस्थीसाठी आहे.

म्हणून तुम्ही बजबजहून ताग पाठवा, नाशिकहून द्राक्षं किंवा सांगलीहून हळद, सहीआधी तीन गोष्टी बघा. समोरच्याची मालमत्ता कोणत्या देशात आहे? त्या देशाने सिंगापूर करार मंजूर केलाय का? तडजोड मध्यस्थीतून झाली याचा पुरावा, म्हणजे मध्यस्थाची सही किंवा संस्थेचा दाखला, जवळ आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल, तर आधी लवाद सुरू करा, मग मध्यस्थी करा आणि झालेली तडजोड लवादाकडून संमतीचा निवाडा म्हणून लिहून घ्या. मग न्यूयॉर्क कराराचा आधार मिळतो. हे कलम विक्रीच्या करारातच घाला. भांडण झाल्यावर समोरचा ते मान्य करेलच असं नाही.