जुना लॅपटॉप भंगारात काढण्याआधी

आज जरा कपाटात पडून असलेल्या लॅपटॉपविषयी बोलूया.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. संगणक बंद पडले नाहीत, पण सुरक्षेचे अपडेट थांबले. जादा मुदतीसाठी नाव नोंदवलेल्यांचीच काय ती थोडी सोय झाली. विंडोज ११ घालावं म्हटलं, तर टीपीएम २.० आणि साधारण २०१७-१८ च्या पुढचा प्रोसेसर लागतो.

आमच्याकडे २०१५ चा लॅपटॉप आहे. आई भारतातून आली की तिच्यासाठी तो काढतो. दुकानात नेला, तर उत्तर मिळालं, "नवीन घ्या." अहो, पण स्क्रीन धड, कीबोर्ड धड, मग टाकायचा कशासाठी? शेवटी त्यात लिनक्स मिंट घातलं. फुकट मिळतं, आणि त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे.

लिनक्स म्हटलं की काळ्या स्क्रीनवर आज्ञा टाइप करणारा इंजिनिअर डोळ्यांपुढे येतो. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये सुरुवात केली, तेव्हापासून बरीच वर्षं ते काहीसं खरंही होतं. आता आपली बहुतेक कामं ब्राउझरमध्येच होतात. बँक, मेल, व्हिडिओ कॉल सगळं तिथेच. त्यामुळे खाली कोणती सिस्टीम आहे याने फारसा फरक पडत नाही. मुलांना तर हे आधीच ठाऊक आहे, कारण २०२२ मध्ये आलेलं स्टीम डेक लिनक्सवरच चालतं. जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्यानेही २०२४ मध्ये सुमारे ३०,००० सरकारी संगणक टप्प्याटप्प्याने लिब्रेऑफिस आणि लिनक्सवर न्यायचं ठरवलं.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे आधी वापरून बघता येतं. मिंटच्या साइटवरून फाइल उतरवायची, पेनड्राइव्हवर चढवायची आणि लॅपटॉप त्यावरून सुरू करायचा. त्यासाठी सुरू होताना एफ१२ किंवा एफ२ दाबावं लागतं, प्रत्येक कंपनीची कळ वेगळी. आतल्या विंडोजला धक्का लागत नाही. वायफाय लागतं का, आवाज येतो का, प्रिंटर सापडतो का, हे तासाभरात कळतं. पटलं तरच 'इन्स्टॉल' दाबा. आणि त्याआधी, कृपा करून, फोटो दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवा. इथे चूक झाली तर नातवाच्या बारशाचे फोटो परत येत नाहीत.

कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी जोडता येते. आईला इन्स्क्रिप्टची सवय आहे, तिचं काम लगेच सुरू झालं. तिची एकच तक्रार होती, पत्त्यांचा खेळ कुठे गेला? तोही फुकटात बसवून दिला.

अडचणी आहेतच. फोटोशॉप किंवा मायक्रोसॉफ्ट ऑफिसचे नेहमीचे प्रोग्राम त्यावर सरळ चालत नाहीत. मंडळाचे जुने दिवाळी अंक युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले असतील, तर तो फॉन्ट नसताना फाइल उघडल्यावर अगम्य अक्षरं दिसतील. अशा कामासाठी एखादा विंडोजवाला संगणक राहू द्या, फक्त इंटरनेटपासून लांब.

पेनड्राइव्ह आठ जीबीचा असला तरी पुरतो. त्यावर आधीचं जे काही असेल ते मात्र पुसलं जातं, तेवढं बघून घ्या.