दारापर्यंत येणारी नर्सबाई आणि आपण

(विहाराच्या वर्धापनदिनी हदगाव येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही जिनिंग मिलमधली माणसं. रुई, सरकी आणि गाठी यातच आमचा उभा जन्म गेला. आमचं जे काही वाचन झालं ते रात्रपाळीच्या दिव्याखाली झालं. संयोजकांनी 'आरोग्यसेविका आणि आपली वस्ती' हा विषय दिला. त्यावर जे पाहिलं, जे वाचलं, तेवढंच आपल्यापुढं मांडतो.

बंधुभगिनींनो, दवाखाना म्हटलं की आपल्याला डॉक्टरच आठवतो. पण डॉक्टरकडं रोगी जातो, आणि रोग्याच्या दारात येते ती नर्सबाई. ५ हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, डोंगरी आणि आदिवासी भागात ३ हजारांमागे एक, असा सरकारी हिशेब आहे. कागदावर तो सोपा वाटतो. पण पावसाळ्यात तामसा, मनाठा, निवघा या बाजूच्या पांदणीनं चालून बघा. काळ्या मातीत पाय रुततो, पैनगंगेकडं जाणारे नाले भरून वाहतात. बाईच्या खांद्याला लसीचा डबा, त्यात बर्फ. लस २ ते ८ अंशांतच टिकते. म्हणून चिखल असो की ऊन, तिला वेळेवर पोचावंच लागतं. भारतात पोलिओचा शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्ये सापडला, २०१४ साली देश पोलिओमुक्त जाहीर झाला. ते श्रेय अशा पायांचं आहे.

आता थोडं मागं जाऊ. पूर्वी गावात बाळंतपणं कोण करायचं? सुईण. नाळ कापणं हे विटाळाचं काम, म्हणून बऱ्याच गावांनी ते आपल्याच आयाबायांच्या माथी मारलं. लेकरू हिच्या हातात जन्माला यायचं आणि बारशाच्या दिवशी हिलाच ओट्याखाली उभं करायचे. हात चालत होता, माणूस चालत नव्हतं. ही गोष्ट तरुणांनी ध्यानात ठेवावी.

रोग्याला हात लावण्यात विटाळ नाही, हे आपल्याला थोरांनी करून दाखवलं. अंगाखालच्या घाणीत पडलेल्या आजारी भिक्खूला तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतः आंघोळ घातली. १८९७ च्या प्लेगात सावित्रीमाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी लेकरू पाठीवर घेतलं आणि यशवंतरावांच्या दवाखान्यात आणलं. लेकरू जगलं, पण माईंना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. आपल्या मुलींनी त्यांना पहिली शिक्षिका म्हणून ओळखावंच, पण रोग्याची सेवा करता करता गेलेली बाई म्हणूनही ओळखावं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात कामगार बायांच्या बाळंतपणाच्या पगारी रजेची बाजू मांडली, आणि पुढल्याच वर्षी तो कायदा झाला.

आपल्या शेजारचंच उदाहरण घ्या. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम उभं केलं. त्यांनी गावागावातून आरोग्यसेविका निवडल्या. त्यात कितीतरी बाया दलित, अक्षर न येणाऱ्या. त्या बाळंतपण शिकल्या, कुष्ठरोग ओळखायला शिकल्या, आणि वेगवेगळ्या जातीच्या बायांना एका ठिकाणी बसवून एकत्र जेवायला लावलं. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शाळा न पाहिलेली बाई गावाचं आरोग्य सांभाळू शकते, हे तिथं सिद्ध झालं.

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि हजार लोकसंख्येमागे एक आशाताई नेमली गेली. ही आपल्याच वस्तीतली लेक-सून. पण सरकारनं तिला नाव दिलं स्वयंसेविका. पगार नाही, कामावर आधारित मोबदला. हे आम्हा मिल कामगारांना लगेच समजलं. आमच्याकडंही गाठीमागे पैसे मिळतात. मशीन बंद पडलं की आमची चूल बंद. नवजात बाळाच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जायचं, बाळाचं वजन करायचं, ताप बघायचा, आईला अंगावर पाजायला शिकवायचं. या सगळ्या भेटी मिळून २५० रुपये ठरले. रात्री दोन वाजता बाळंतिणीसोबत गाडीत बसलेल्या बाईचं जागरण कोणत्या रकान्यात लिहायचं?

२०२० चं साल आठवा. आपण दारं लावून घरात बसलो होतो, आणि आशाताई घरोघर फिरत होती. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत तिनं ताप मोजला, ऑक्सिजन मोजला. काही ठिकाणी लोकांनी तिलाच रोग आणणारी म्हणून फाटकाबाहेर उभं केलं. म्हणजे ओटा गेला, फाटक आलं. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या १० लाखांहून अधिक आशांचा गौरव केला. गौरव झाला, पण घर गौरवावर चालत नाही. महाराष्ट्रातल्या आशांना २०२१ मध्ये संप करावा लागला, २०२३ मध्ये पुन्हा करावा लागला. २०२४ च्या फेब्रुवारीत त्या आझाद मैदानावर बसल्या, तेव्हा मार्चमध्ये राज्य सरकारनं दरमहा ५ हजारांची वाढ मंजूर केली. न मागता काही मिळालं नाही. 'संघटित व्हा' हे त्या बायांनी करून दाखवलं.

सेवा हा मोठा शब्द आहे, आम्ही त्याचा मान राखतो. पण सेवा म्हणायचं आणि दाम बुडवायचा, ही जुनी बलुत्याची रीत आहे. तिला आपण तरी हातभार लावू नये.

म्हणून या वर्धापनदिनी चार गोष्टी सुचवतो. लसीकरणाच्या दिवशी विहाराचा हॉल उघडा ठेवा; खुर्ची, टेबल, पाणी आपण ठेवू. रात्री-बेरात्री नर्सबाईला बोलावलं तर वस्तीतल्या दोन तरुणांनी सोबत जावं. तिला दारात उभं करू नका, घरात बसवा. आणि त्यांचा मोर्चा निघाला तर आपला निळा झेंडा घेऊन आपणही त्यात चालू. आणखी एक, बारावी झालेल्या मुलींना नर्सिंगला पाठवा. ज्या कामाला गावानं विटाळ म्हटलं, ते काम आपल्या मुली पदवी घेऊन, पूर्ण पगारावर करतील, तो दिवस आपल्याला आणायचा आहे.



जय भीम! नमो बुद्धाय!