खांद्याला हात लावण्याआधी
(महिला मंडळाच्या सभेत केलेलं भाषण)



तुमच्या मदतीतून सातपुड्यातला आपला दवाखाना आठवडे बाजाराच्या दिवशी भरतो. मी तिथली फिजिओथेरपिस्ट. तिकडे मला 'हाडवाली ताई' म्हणतात. येणाऱ्या बायकांपैकी कितीतरी जणी खांद्यासाठीच येतात. डोक्यावर हंडा, डोक्यावर मोळी, दिवसभर निंदणी. खांदा दुखणार नाही तर काय!

माझ्याकडे येण्याआधी बहुतेकांनी मान मोडून घेतलेली असते, न्हाव्याकडून नाहीतर गावातल्या जाणत्याकडून. 'कट्' आवाज आला की हाड जागेवर बसलं असं त्यांना वाटतं. खरं तर हाड जागचं हललेलंच नसतं. तो आवाज सांध्यातल्या पाण्यात वायूची पोकळी झाल्याचा. मीही हातानेच उपचार करते, पण आवाजासाठी नाही. हात वर उचलताना नुसता खांदा हलत नाही. पाठीवरचा फरा बरगड्यांवरून सरकतो, वरची पाठ थोडी मागे वाकते. ती पाठ ताठ असेल, तर सगळा ताण खांद्यावर येतो. म्हणून मान, वरची पाठ आणि बरगड्या मोकळ्या करायच्या.

नेदरलँड्समध्ये याची नीट पारख झाली आणि तिचे निष्कर्ष 2004 साली छापून आले. 150 रुग्ण होते. सगळ्यांना नेहमीचे डॉक्टरी उपचार दिले, त्यातल्या एका गटाला जोडीला हातांचे उपचार, जास्तीत जास्त 6 वेळा. पहिल्या 6 आठवड्यांत फरक दिसला नाही. 12 आठवड्यांनी मात्र त्या गटातले 43 टक्के पूर्ण बरे झाल्याचं सांगत होते, दुसऱ्या गटातले 21 टक्के. म्हणजे गुण येतो, पण निम्म्याहून अधिक जणांचं दुखणं तेव्हाही पूर्ण गेलेलं नव्हतं. हे मी रुग्णांना आधीच सांगते. एका दिवसात बरं करणारी ताई मी नव्हे.

आता एक गोष्ट सांगते, ती माझ्याच चुकीची आहे. चूक होता होता राहिली, एवढंच.

गेल्या पावसाळ्यात एक मावशी आल्या. उजवा खांदा आणि फऱ्यामागे तीन महिने दुखत होतं. बाहेर रांग मोठी होती. हात वर-खाली करून पाहिला, तर खांदा पूर्ण फिरत होता! मला वाटलं, पाठच आखडली असणार. त्यांना पालथं झोपवलं आणि पाठीवर झटका द्यायला तळहात टेकवले. तेवढ्यात सून सहज म्हणाली, "ताई, हळू हां. सासूबाईंना रोज संध्याकाळी ताप येतो. पोलकं बघा किती सैल झालंय."

हात तिथेच थांबले. मग जे आधी करायला हवं होतं ते केलं. मणक्यांवर एकेक करून बोटाने हलकं ठोकलं. मानेखालच्या एका मणक्यावर त्या कळवळल्या. तिथे किंचित उंचवटाही होता. मी तो पाहिलाच नव्हता.

जिल्ह्याला पाठवलं. मणक्याचा क्षयरोग निघाला. पोखरलेल्या मणक्यावर झटका दिला असता, तर मज्जारज्जूला इजा होऊन पाय कायमचे गेले असते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता रांग कितीही असो. ताप, वजन, रात्रीचं दुखणं, हातापायांतली ताकद, मधुमेह हे विचारल्याशिवाय मी कुणाला पालथं झोपवत नाही. खांदा दुखतोय आणि छातीत दडपण, घाम आहे, तर आधी डॉक्टर. बाजारातल्या बायका कुरकुरतात, "ताई दाबते कमी, विचारते जास्त."

मावशींची औषधं सरकारी दवाखान्यातून फुकट मिळतात. वर्षभर तरी घ्यावी लागतील, कदाचित दीड वर्ष. मागच्या महिन्यात त्या चालत बाजारात आल्या. डोक्यावर काही नव्हतं. मोळी सुनेच्या डोक्यावर होती. मी तब्येत विचारली, तर त्यांनी सुनेलाच पुढे ढकललं. "माझं राहू दे ताई. आता हिचा खांदा बघ."