नवव्या महिन्यातले प्रश्न



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर तत्त्वज्ञान, राजकारण, साहित्य असे भारदस्त विषय शोभतात आणि बाळंतपण हा माजघरात हळू आवाजात बोलायचा विषय, अशी समजूत अजून पुरती गेलेली नाही. तरी आम्ही तो मुद्दाम निवडला आहे. प्रसूतीला तीन-चार आठवडे उरले असता डॉक्टर सांगतात, "सिझेरियन करावे लागेल." घरची मंडळी माना डोलावतात, तारीख ठरते, जमल्यास मुहूर्तही पाहिला जातो. जिच्या पोटावर सुरी चालायची ती बाई मात्र एक शब्द गिळून बसते. तो शब्द म्हणजे "का?" हा शब्द तिने उच्चारावा की नाही, एवढाच आमचा आजचा विषय आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. आधुनिक वैद्यकाची निंदा करायला आम्ही उभे राहिलेलो नाही. बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, हे आपल्या आज्या म्हणत ते अलंकार म्हणून नव्हे. पुष्कळींना तो दुसरा जन्म लाभतच नसे. भारतात २००४ ते २००६ या काळात दर एक लाख जिवंत जन्मांमागे २५४ माता दगावत; २०१८ ते २०२० या काळात हा आकडा ९७ वर आला. वार गर्भाशयाच्या तोंडावर बसली, किंवा बाळाच्या आधी नाळ बाहेर आली, तर शस्त्रक्रियाच आई आणि मूल वाचवते. अशा घटकेला वाद घालणे म्हणजे घर पेटले असता बंबवाल्याची परीक्षा घेत बसणे होय.

परंतु आणखीही एक आकडा पाहण्यासारखा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सरकारी दवाखान्यांतील प्रसूतींपैकी शेकडा १४ सिझेरियनने झाल्या, आणि खाजगी दवाखान्यांत शेकडा ४७. दोन्हीकडे जाणाऱ्या स्त्रिया सर्वस्वी सारख्या नसतात, हे खरे. तथापि दारावरची पाटी बदलली म्हणजे बाईची शरीररचना एवढी बदलते, असे कोणीही म्हणणार नाही. सारे पैशासाठी चालते, असा सोपा निकाल पुष्कळजण देतात. आम्हांला तो पुरेसा वाटत नाही. का, ते एका उदाहरणाने सांगतो.

पहिले मूल सिझेरियनने झाले. दुसऱ्या खेपेला काय करावे? "एकदा सिझेरियन, की नेहमी सिझेरियन," हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. ते न्यूयॉर्कच्या एडविन क्रेगिन या डॉक्टरांनी १९१६ साली उच्चारले. त्यांचा रोख, पहिलीच शस्त्रक्रिया विचार करून करा, असा होता. शिवाय त्या काळी गर्भाशयाच्या वरच्या, जाड भागावर उभा छेद घेत. पुढच्या कळांत तो वण उसवण्याचे भय मोठे असे. पुढे ग्लासगोचे मन्रो कर यांनी खालच्या, पातळ भागावरचा आडवा छेद रूढ केला. हा वण पुष्कळ मजबूत राहतो. म्हणजे ज्या पायावर ते वाक्य उभे होते तो पाया गेला. वाक्य मात्र शंभर वर्षे टिकून राहिले!

आजचे ज्ञान काय सांगते? असा एकच आडवा छेद असलेल्या आणि दुसरी अडचण नसलेल्या स्त्रियांनी योजनापूर्वक नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न केला, तर चारांपैकी सुमारे तिघींना त्यात यश येते. वण उसवण्याचा धोका दोनशेत सुमारे एक. धोका लहान आहे, पण खोटा नाही. उसवलाच तर आई आणि मूल दोघांचाही जीव पणाला लागतो. उलट बाजूस, प्रत्येक वाढत्या सिझेरियनबरोबर पुढच्या गरोदरपणी वार गर्भाशयाच्या भिंतीत रुतण्याचा धोका वाढतो. एकच मूल आणखी हवे असणारी आणि तीन हवी असणारी, या दोघींचा हिशेब म्हणूनच सारखा नाही.

आता तालुक्याच्या गावातला एकांडा दवाखाना डोळ्यांसमोर आणा. डॉक्टर एकटे. भूलतज्ज्ञ बोलावल्यावर शेजारच्या गावाहून येणार. रक्तपेढी जिल्ह्याच्या ठिकाणी. रात्री दोन वाजता वण उसवला तर अर्ध्या तासात शस्त्रक्रिया उभी राहणे अशक्य. असे डॉक्टर "दुसरेही सिझेरियनच करू" म्हणाले, तर ते लोभी नव्हेत; ते आपल्या दवाखान्याची मर्यादा ओळखणारे प्रामाणिक गृहस्थ आहेत. मात्र ही मर्यादा त्यांनी उघड सांगितली पाहिजे. "तुमच्या शरीराला ते झेपणार नाही" आणि "माझ्या दवाखान्यात ते सुरक्षित नाही" ही दोन वाक्ये निराळी आहेत. पहिले खरे असेल तर बाईने ऐकावे. दुसरे खरे असेल तर तिला मोठ्या रुग्णालयात नाव घालता येते. पण केव्हा? बत्तिसाव्या आठवड्यात येते; कळा सुरू झाल्यावर येत नाही. म्हणून "का" हा प्रश्न नुसता विचारून भागत नाही, तो वेळेवर विचारावा लागतो.

येथवर ऐकून कोणाला वाटेल, की आम्ही नैसर्गिक प्रसूतीचे प्रचारक आहोत. तसे नाही. आता नेमके उलट उदाहरण घ्या. स्कॉटलंडमधील नेडीन माँटगोमेरी या स्त्रीला मधुमेह होता, चण लहान होती, आणि बाळ मोठे असल्याची काळजी तिने डॉक्टरांजवळ एकदा नव्हे अनेकदा बोलून दाखवली. अशा स्थितीत डोके बाहेर येऊन खांदा अडकण्याचा संभव शेकडा नऊ-दहा होता. डॉक्टरांनी तो सांगितला नाही. कारण सांगितले तर बायका सिझेरियन मागतील आणि ते त्यांच्या हिताचे नाही, असे त्यांचे मत होते. १९९९ साली प्रसूतीच्या वेळी खांदा अडकला, बारा मिनिटे गेली, आणि मुलाला मेंदूची कायमची इजा झाली. खालच्या न्यायालयांत ती हरली. २०१५ साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र तिच्या बाजूने निकाल दिला. त्याचा मथितार्थ असा, की सुज्ञ रुग्णाला जो धोका महत्त्वाचा वाटेल, तो आणि त्यावरचे पर्याय तिला सांगणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे.

दोन्ही उदाहरणांतून एकच गोष्ट निघते. वैद्यकीय सल्ल्यात दोन जिनसा मिसळलेल्या असतात. धोका किती, हे ज्ञान, ते डॉक्टरांचे. कोणता धोका पत्करायचा, ही निवड. ती जिचा देह तिची. डॉक्टर पहिली देताना नकळत दुसरीही देऊन टाकतात, आणि आपण दोन्ही एकाच पुडीत बांधून घरी आणतो.

पण सगळे माप डॉक्टरांच्याच पदरात घालणे न्यायाचे नाही. आपल्या घरात काय चालते? संमतीच्या कागदावर सही नवऱ्याची, विचारविनिमय सासू आणि आई यांचा, आणि बाई खाटेवर. समीरा कोहली खटल्यात २००८ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे, की प्रौढ आणि शुद्धीवर येऊ शकणाऱ्या स्त्रीच्या वतीने तिच्या आईने दिलेली संमती, जिवावरचा प्रसंग नसेल तर, संमतीच नव्हे. तेथे मुलगी भुलीखाली असताना आईची संमती घेऊन गर्भाशय काढले होते. आईची सही पुरत नाही, तेथे सासूच्या मान डोलावण्याला काय किंमत?

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, ती माहेरच्या बाळंतपणाची. सातव्या महिन्यात मुलगी माहेरी येते. प्रथा मायेची आहे. पण डॉक्टर ऐन वेळी बदलतात आणि जुने कागद सासरच्या कपाटात राहतात. पहिल्या खेपेस छेद आडवा होता की उभा, हे नव्या डॉक्टरांना पोटावरचा वण पाहून सांगता येत नाही. कातडीवरचा छेद एक आणि गर्भाशयावरचा दुसरा असू शकतो. तो कागदच सांगतो. मागितल्यापासून ७२ तासांच्या आत कागद द्यावेत, असा वैद्यक परिषदेचा २००२ चा नियम आहे. डोहाळजेवणाला हिरवी साडी घेताना आठवणीने ही फाईलही पिशवीत घातली, तर मोठे काम होईल.

मग विचारायचे तरी काय? चार प्रश्न पुरेत. सिझेरियनचे कारण माझ्या प्रकृतीत आहे की येथल्या सोयीत? दुसरा मार्ग कोणता, आणि दोहोंतले धोके किती? आठवडाभर थांबलो तर काय बिघडेल? मोठ्या रुग्णालयात दुसरे मत घ्यावे का? "बाळ मोठे आहे" असे सांगितले तर हेही विचारावे, की हे कशावरून. कारण सोनोग्राफीतले वजन हा अंदाज असतो आणि तो शेकडा दहा इकडेतिकडे सहज होतो. "नाळ गळ्याभोवती आहे" या शब्दांनी तर घरात रडारड होते. वास्तविक साधारण चार बाळंतपणांत एकदा तसे आढळते, आणि बहुतेक मुले सुखरूप जन्मतात.

डॉक्टरांना वेळ नसतो, असा आक्षेप येईल. बाहेर पन्नास बायका ताटकळत असतात, हे आम्ही जाणतो. पण चार प्रश्नांना दहा मिनिटे पुरतात. प्रश्नांनी विश्वास उडतो, असेही म्हणतील. आमचा समज उलट आहे. कारण कळल्यावर केलेले सिझेरियन बाई निमूट नव्हे, निश्चिंत मनाने सोसते. आणि ज्या शस्त्रक्रियेचे कारण कधी कळलेच नाही, तिची बोच जखम भरल्यावरही राहते. ज्या डॉक्टरांजवळ उत्तर आहे त्यांना प्रश्नाचे भय वाटण्याचे कारण नाही.

येथे बसलेल्या बंधूंना एक विनंती. पुढच्या तपासणीला पत्नीबरोबर आत जा, पण तिच्याऐवजी बोलू नका. ती प्रश्न विचारील तेव्हा "डॉक्टरांना कळतं सगळं" म्हणून तिला गप्प करू नका. आणि उत्तर ऐकून ती जे ठरवील, मग ते शस्त्रक्रिया असो वा नसो, त्यामागे उभे राहा. एवढे झाले तरी पुष्कळ झाले.