निंबाचा पाला आणि चांदीचे कण



कामगार चळवळीतल्या माणसाने वेतनकराराविषयी बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. आम्ही मात्र आज निंबाच्या पाल्याविषयी बोलणार आहोत. आमचे शालेय शिक्षण नववीत संपले. पुढचे जे काही झाले ते वाचनालयात, दोन गेट मीटिंगांच्या मधल्या वेळात. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

बजाजनगरात रस्त्याकडेचा निंब आपण रोज पाहतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मुरली शास्त्री ह्यांच्या गटाने निंबाचाच पाला पाण्यात उकळला, काढा गाळून घेतला आणि तो सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात मिसळला. फिकट मिश्रण हळूहळू गडद तपकिरी झाले. चांदीचे कण तयार झाले होते. केसाच्या जाडीत असे हजाराहून अधिक कण एका ओळीत बसतील. हे काम २००४ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी ह्या गटाने गवती चहाच्या काढ्याने सोन्याचे चपटे, त्रिकोणी कण घडवल्याचेही जाहीर केले. आपण तो चहात टाकून पितो!

घडते काय? द्रावणातल्या चांदीच्या प्रत्येक अणूला एक इलेक्ट्रॉन कमी असतो. पाल्यातल्या शर्करा व इतर द्रव्ये तो पुरवतात. भरपाई झालेले अणू एकमेकांना बिलगून कण वाढू लागतो, आणि पाल्यातलीच काही द्रव्ये त्याच्याभोवती कवच धरून कणांचा गोळा होऊ देत नाहीत. सोन्याचे असे तांबडे पाणी मायकेल फॅरडेने १८५७ साली फॉस्फरस वापरून केले होते. तो मूळचा पुस्तकबांधणीचा उमेदवार, म्हणून आमचा त्याच्यावर विशेष लोभ.

फॉस्फरस असो की आजचे सोडियम बोरोहायड्राइड, ही द्रव्ये हाताळणाऱ्याच्या जिवाला घोर लावणारी. दुसरे तर पाण्याशी गाठ पडताच पेट घेणारा हायड्रोजन सोडते. क्रोम प्लेटिंगच्या एका खात्यात काम करणाऱ्या आमच्या सोबत्याच्या नाकाच्या पडद्याला आम्लाच्या वाफेने भोक पडले. त्याला टाकीत काय आहे हे कोणी सांगितले नव्हते. भोपाळच्या १९८४ च्या वायुकांडानंतर, १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा कुठे अशी माहिती मागण्याचा हक्क कामगाराला मिळाला. म्हणून पाल्याच्या काढ्याचे आम्हांला अप्रूप.

पण ‘हिरवी रीत’ म्हटले की मालाबरोबर कामगारही सुरक्षित झाला, असे कोणी समजू नये. सिल्व्हर नायट्रेट तेच राहते. ते कातडी काळी करते, डोळ्यांत गेले तर इजा करते. शिवाय तयार कण वाळवून भुकटी केली की ती श्वासावाटे खोल फुफ्फुसात जाऊ शकते. ती निंबाने केली की बोरोहायड्राइडने, हे फुफ्फुस विचारीत नाही.

आणखी एक अडचण आपल्या वसाहतीतल्या माणसाला चटकन पटेल. इथे प्रत्येक पार्ट गेजमधून जावा लागतो. चैत्रातली कोवळी पालवी आणि पावसाळ्यातला जून पाला ह्यांचा रस एकसारखा नसतो. मग कणही एका मापाचे उतरत नाहीत. प्रयोगशाळेतली चंचुपात्रे टाकीएवढी व्हायला हाच मोठा अडसर आहे.

काढा आधीच गाळलेला असल्याने चोथा खुशाल खतात टाकावा. भांडी धुतलेल्या पाण्यात उरलेली चांदी मात्र वेगळी काढावीच लागते. जी चांदी रोगजंतूंना मारते, तीच सांडपाणी शुद्ध करणाऱ्या उपकारक जंतूंनाही मारते.